स्वयंपाकघरातला ब्लाइंड आणि समोरचे पंच

तीर्थस्वरूप वहिनींस,

साष्टांग नमस्कार. (हा लिहिण्यापुरता नाही. तुम्ही समोर असतात तर खरोखरच फरशीवर आडवा झालो असतो, आणि तुमचं हे पत्र वाचून होईपर्यंत उठलो नसतो.) तुमची, दादाची, लेकीची आणि नव्या पाहुण्याची तब्येत उत्तम असेल, बाळ रात्री झोपत असेल आणि दादा दिवसा झोपत नसेल अशी आशा करतो. माझं बरं चाललं आहे. जेवण जात नाही, मधूनच छातीत धडधडतं आणि दारावरची बेल वाजली की हात गार पडतात, पण त्याचा तब्येतीशी संबंध नाही. घर जागच्या जागी आहे. कुंड्यांना पाणी घालतो, टपाल आत घेतो, गॅस बंद आहे का ते पाहतो, आणि मग आपण खरंच पाहिलं का, हे पुन्हा जाऊन पाहतो. कळवण्यासारखं विशेष काही नाही. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या त्या पट्ट्यांच्या पडद्याबद्दल, म्हणजे ब्लाइंडबद्दल, दोन शब्द लिहायचे होते.

लेकीकडे निघताना तुम्ही टॅक्सीत एक पाय ठेवून मला म्हणालात, "भाऊजी, बाकी काहीही करा, ब्लाइंड्सना पाणी लावू नका." हे मला स्पष्ट आठवतं. पट्ट्या मिटायच्या, मऊ कोरड्या फडक्याने वरून खाली पुसत यायचं, मग पट्ट्या उलट्या बाजूला वळवून पुन्हा तसंच करायचं, आणि दोरी कधीही एका बाजूने ओढायची नाही, हेही तुम्ही सांगितलंत (टॅक्सीवाला एव्हाना निघालाही होता). तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही एवढंच ध्यानात घ्या की माझं उभं आयुष्य विमा कंपनीत, लोकांच्या घरातल्या नुकसानीचे दावे तपासण्यात गेलं आहे. इतरांना जिथे घर दिसतं तिथे मला होऊ घातलेला अपघात दिसतो. तुमच्या बैठकीतल्या ब्लाइंड्सकडे पाहून मन प्रसन्न होतं, पण स्वयंपाकघरातला ब्लाइंड गॅसशेजारी आहे, आणि परवा सकाळी चहा ठेवताना मी सहज त्याच्या पट्टीवरून बोट फिरवलं तर बोट पुढे गेलंच नाही. चिकटलं. वर धूळ, खाली तेलाचा थर. अशा थराने पेट घेतल्यावर स्वयंपाकघर कसं दिसतं ते मी नोकरीत असताना पाहिलं आहे (वर्णन करत नाही, घरात बाळंतीण आहे). चहा झाला, मी प्यायलोही, पण लक्ष त्या पट्ट्यांवरून हलेना. तुमचं घर माझ्या भरवशावर, आणि मी ज्वालाग्राही पदार्थाखाली बिस्किटं खातोय.

सुरुवात मी तुमच्याच पद्धतीने केली. मऊ फडकं सापडेना म्हणून दादाचे करड्या रंगाचे लोकरी मोजे दोन्ही हातांत घातले. ही युक्ती मला फारच आवडली, कारण मोज्यातल्या बोटांच्या चिमटीत पट्टी धरली की वरची आणि खालची बाजू एकदम पुसली जाते. निदान जायला हवी. प्रत्यक्षात पहिल्या पट्टीवरची धूळ दुसरीवर गेली, दोघींची मिळून तिसरीवर, आणि मी मध्यापर्यंत पोचलो तेव्हा पट्टीवर जे काही साठलं होतं त्याला धूळ म्हणणं कठीण होतं. ते लिंपण होतं. तुम्ही ज्या पांढऱ्या रंगाला मोतिया म्हणता त्याच्यावर लांबच लांब तपकिरी फराटे उठले. आता थांबणं म्हणजे पुरावा मागे ठेवणं. शिवाय कोरडं फडकं हे कोरड्या धुळीसाठी असतं आणि इथे प्रश्न तेलाचा आहे, तेव्हा वहिनी स्वतः इथे असत्या तर त्यांनीही पाणीच वापरलं असतं, असं मी स्वतःला इतक्या चांगल्या रीतीने पटवलं की दुसऱ्या कुणी असा दावा आणला असता तर मी तो तिथल्या तिथे फेटाळला असता.

ब्लाइंड खिडकीवरून उतरवणं सोपं असतं. वरच्या पेटीच्या दोन्ही टोकांना झाकणं असतात, ती उघडली की झालं. त्यानंतर तो हातात येतो, आणि हातात आल्यावर कळतं की तो खिडकीत होता तेव्हाच शांत होता. पट्ट्या चारी बाजूंना सुटतात, शिडीसारख्या बारीक दोऱ्या कोपरात अडकतात, वळवायची काडी डोळ्यासमोर झुलत राहते. मी त्याला मिठी मारून, वाट न दिसता, बाथरूमपर्यंत नेलं आणि टबात कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घालून बुडवलं. तेल सुटलं, हे मात्र मान्य करायला हवं. पाणी असं काही काळं झालं की मला अभिमान वाटला. पण ब्लाइंड बाहेर काढताना माझं कोपर कुठे टेकलं कोण जाणे, टक् असा एक बारीकसा आवाज झाला. वहिनी, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एका पट्टीला मधोमध घडी पडली होती. ती बोटांनी सरळ करायला गेलो तर घडी जाऊन तिथे सुरकुती आली. मग मी (पुढचं वाक्य दादाने वाचून दाखवावं, म्हणजे राग दोघांत वाटला जाईल) ती पट्टी सोडवून घेतली आणि तिच्यावर इस्त्री फिरवली. सुरकुती गेली. सुरकुतीबरोबर पट्टीचा बाकही गेला आणि थोडा रंग इस्त्रीला लागला. तुमच्या बाकीच्या पट्ट्या किंचित हसऱ्या आहेत. ही एकटीच गंभीर झाली आहे.

हे सगळं एका बाजूला निथळत असताना मी स्वयंपाकघरात आलो आणि माझ्या लक्षात आलं की खिडकी उघडी आहे. म्हणजे काच बंद, पण मध्ये काहीच नाही. तुमचं स्वयंपाकघर इतकं उजेडाचं आहे हे मला माहीत नव्हतं. आणि चौकापलीकडे, थेट समोर, पंचांची खिडकी.

पंचांबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजवण्यात त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर त्यांनी ही इमारत खेळायला घेतली, हे तुमचेच शब्द. तुमच्या ब्लाइंड्सवरून दुपारचं ऊन उडून आपल्या डोळ्यांत जातं, ही त्यांची तक्रार. मग तुम्हीही लावा की ब्लाइंड्स, हे तुमचं उत्तर. आणि मग त्यांनी खरोखरच लावलेले ते गर्द तपकिरी ब्लाइंड्स, जे तेव्हापासून कधी कुणी उघडे पाहिले नाहीत. तेव्हापासूनचा तुमचा अबोलाही मला ठाऊक आहे. चौकात गाठ पडली तर मान वळवायची, पाहुण्यांनीसुद्धा, हा तुमचा नियम मी आल्यापासून कसोशीने पाळला. त्यामुळे त्या सकाळी त्यांच्या खिडकीकडे पाहायचं नव्हतंच मला. पण तिथे काहीतरी हलत होतं. तपकिरी पट्ट्यांची एक बाजू वर गेली, दुसरी खाली राहिली, पट्ट्यांमधून एक कोपर बाहेर आलं, मग सगळा ब्लाइंडच तिरपा झाला आणि खिडकीतून दिसेनासा झाला. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. जगात आज आपल्यासारखा आणखी एक जण आहे म्हणून. मग खिडकीच्या कडेवर, अगदी खालून, एक हात आला आणि त्याची बोटं हलली. सौजन्य म्हणून मीही हात हलवला.

मोजा घातलेला हात, वहिनी. मी तो बराच वेळ हलवत होतो. समोरचा हात हळूच कडेवरून घसरला आणि परत वर आला नाही, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की कुणी मैत्री करायला जमिनीवर बसून हात वर करत नाही. तरीही मी लगेच निघालो असं नाही. आपण चोरून पाहत होतो असं वाटेल का, वहिनींना काय वाटेल, ते आता उठून बसले असतील आणि आपण दारात जाऊन शोभा करून घेऊ, असं सगळं मनात येऊन गेलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अपघातांची चौकशी करून मी हे शिकलो आहे की माणसं अशाच विचारांत वेळ घालवतात, आणि ते मी त्यांच्या नावापुढे लिहीतही असे. शेवटी ज्या अवस्थेत होतो त्याच अवस्थेत धावत सुटलो. चौक ओलांडला. त्यांच्या बाजूला लिफ्ट नाही, त्यामुळे जिना चढलो. दार ठोठावलं, पण हातात ओले मोजे, आवाज येईना. मग टपाल टाकायच्या फटीला तोंड लावून हाक मारली.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"समोरचा. म्हणजे समोरच्या वहिनींचा दीर."

मग, "मग नको."

हे मी तुमचं मन दुखवायला लिहीत नाही. आवाज इतका बारीक होता की मला आधी हसू आलं आणि लगेच मी दाराला खांदा लावला. कुलूप तोडावं इतका मी दणकट नाही, हे तुम्ही जाणता. मी म्हणालो, की तुम्ही नको म्हणालात तरी मी इथून हलत नाही, कारण हलून कुठे जावं ते मला सुचत नाही. आतून उत्तर आलं, "किल्लीबाईंना बोलवा, त्यात काय सुचायचंय."

इमारतीची देखभाल बघणाऱ्या किल्लीबाईंकडे सगळ्यांच्या जादा किल्ल्या असतात, हे मला त्या घटकेपर्यंत आठवलं नव्हतं. त्या आल्या, कुलूप उघडलं, तर आतून साखळी. फटीतून हात घालून साखळी सरकवायची होती आणि किल्लीबाईंचा हात काही त्यातून जाईना. माझा गेला. माझ्या काडीसारख्या हातांवर तुम्ही जेवताना जे बोलत असता ते यापुढे जरा जपून बोलावं. पंच जमिनीवरून सूचना देत होते: डावीकडे, अजून डावीकडे, आता उचला, ओढू नका, उचला. किल्लीबाई मागून माझा सदरा धरून उभ्या होत्या (का, ते त्यांनाही सांगता आलं नाही), आणि साखळी निघाली तेव्हा आम्ही दोघंही आत कोसळलो.

पंच स्वयंपाकघराच्या फरशीवर ब्लाइंडखाली पडले होते. फिरत्या खुर्चीवर चढले होते. (फिरती खुर्ची. नोकरीत असतो तर त्यांचा दावा मी वाचलासुद्धा नसता.) दोरी पायाभोवती गुंडाळलेली, पाऊल ज्या दिशेला वळू नये त्या दिशेला वळलेलं, आणि चेहरा पांढराफटक. मला पाहून ते पहिलं काय म्हणाले असतील तर, "पट्ट्या मोडल्यात का बघा." मी वाकून खरोखर पाहायला लागलो, तेव्हा किल्लीबाई आम्हा दोघांनाही जे काही बोलल्या ते इथे लिहीत नाही. त्यांनी रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत मी पंचांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. माझे मोजे त्यांनी पाहिले, आणि लोकरीने तेल पसरतं, सुती घ्यायला हवे होते, असं म्हणून डोळे मिटले. मिटलेले डोळे पाहून मी इतका घाबरलो की त्यांना जागं ठेवायला म्हणून फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियम समजावून सांगा म्हणालो. तो त्यांनी दोनदा सांगितला. मला अजूनही समजलेला नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर मी जेवढा वेळ बसलो तेवढ्यात मला एकूण सगळे आजार होऊन गेले. घोटा मोडला आहे, ऑपरेशनची गरज नाही, प्लास्टर घातलं आहे, असं डॉक्टरीणबाईंनी येऊन सांगितलं, तरी मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, आणि शेवटी त्यांनी माझीच नाडी पाहिली. मग पंचांना भेटू दिलं. पलंगावर ते मैदानावरचे पंच वाटतच नव्हते. उंच माणूस आडवा झाला की फारच लांब दिसतो आणि फार एकटा. मी विचारलं, की इतकी वर्षं बंद ठेवलेले ब्लाइंड्स आजच का उतरवायला घेतलेत? ते छताकडे पाहत म्हणाले, की ती समोरची बाई बाहेरगावी गेल्याचं किल्लीबाईंकडून कळलं. ती असताना पडदा वर केला असता तर तिला वाटलं असतं पंच हरले, आणि वर करायचं नाही म्हणून पुसताही येत नव्हतं. आतून इतकी धूळ बसली होती की खोकला थांबेना. ती गेल्या गेल्या धुऊन, ती यायच्या आत परत लावायचे, असा बेत होता. "आणि बघतो तर," ते म्हणाले, "समोर तुम्ही."

वहिनी, मला हसू यायला हवं होतं. पण आलं नाही. एवढा शिट्टीचा माणूस, आणि खिडकी उघडायला समोरचं घर रिकामं व्हायची वाट पाहतो. तुमच्यावर माझा रोख मुळीच नाही. ऊन तर त्यांच्या डोळ्यांत जातच असणार आणि उत्तरही तुमचं बरोबरच होतं. मी फक्त जे ऐकलं ते कळवलं.

पंचांना एकटं ठेवायचं नाही, जिना तर मुळीच चढू द्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे. त्यांची बाजू बिनलिफ्टची. तेव्हा लिफ्ट असलेल्या बाजूला, एका अतिशय सज्जन, प्रशस्त मनाच्या कुटुंबाकडे त्यांची तात्पुरती सोय झाली आहे. त्याची काळजी नसावी.

राहिला ब्लाइंड. तो मी पुन्हा लावला आहे. गंभीर पट्टी सर्वांत वर ठेवली आहे, तिथे नजर जात नाही. डावी बाजू उजवीपेक्षा थोडी वर राहते, आणि दोरी ओढली की तो विचार करतो, मग एकदम येतो. पण स्वच्छ आहे, हे कुणालाही मान्य करावं लागेल. बाकीच्या ब्लाइंड्सना मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. दादास नमस्कार, लेकीस आणि बाळास आशीर्वाद. रागावण्याआधी पाणी प्यावं.

आपला (अजूनही आपला, अशी आशा आहे)
धाकटा दीर

ता. क. सज्जन कुटुंब म्हणजे तुम्ही. पंच तुमच्या खोलीत आहेत, कारण बाथरूम त्याच खोलीला लागून आहे. दादाचा घरात घालायचा झगा त्यांना गुडघ्यापर्यंत येतो. मी बैठकीत झोपतो. तुमच्या कपाटाला कुणीही हात लावलेला नाही. तुमची उशी मात्र मी देणार नव्हतो, पण पायाखाली उंचवटा लागतो. धुऊन देईन. (नाही, धुणार नाही. लाँड्रीत देईन.)

ता. क. दुसरा. वरचं सगळं पत्र खरं तर यासाठी लिहायला घेतलं, आणि मूळ गोष्टीवर यायचा धीर होईना म्हणून ब्लाइंडवर इतकं बोलत बसलो. पंचांना एक मुलगी आहे. तुम्ही सध्या आहात त्याच शहरात राहते. आई गेल्यावर तिने यांना आपल्याकडे राहायला बोलावलं, यांनी घर सोडणार नाही म्हणून नको ते बोलून ठेवलं, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. हॉस्पिटलात जवळचं कोण असं विचारलं तेव्हा ते कुणी नाही म्हणाले. पण तुमच्या घरातला फोन वाजला की ते बोलता बोलता थांबतात, आणि मी तो ठेवून परत येईपर्यंत दाराकडे बघत राहतात. तो नेहमी माझ्यासाठी असतो. मी तिला फोन करावा तर तुम्हाला माहीतच आहे, मी "घाबरू नका" म्हणून सुरुवात करतो आणि माणसं घाबरतात. कित्येक वर्षांच्या नोकरीत मला याखेरीज दुसरं वाक्य सापडलं नाही. तुम्ही जा, वहिनी. तुम्ही सरळ बोलता. त्यांना तुम्ही आवडत नाही आणि तुम्हाला ते, म्हणून तर तुम्ही सांगितलेलं तिला खरं वाटेल: पाय मोडला आहे, जीव शाबूत आहे, स्वभाव होता तसाच आहे.

ता. क. शेवटचा. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात पंचांनी खोलीतून हाक मारून विचारलं, कुणाला लिहिताय? खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. तुम्हाला लिहितोय आणि काय लिहितोय, दोन्ही सांगून टाकलं, आणि पलंगापासून जरा दूर उभा राहिलो. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता हे याच क्षणी लंगडत घरी निघणार. मग त्यांनी भिंतीकडे बघतच मला मुलीचा पत्ता सांगितला, तो मागच्या बाजूला लिहिला आहे. आणि म्हणाले, "तिच्याकडची बेल चालत नाही. दार वाजवायला सांगा त्यांना. जोरात."